जेनीची शेवेल

टॅड व्रोबेलने आयुष्यात फारसं काही बदललं नाही. कारखाना एक, घर एक, बायको एक, चर्चमधलं बाकसुद्धा डावीकडचं चौथं, ठरलेलं. मोटारींच्या दरवाजांचे पत्रे दाबून काढणाऱ्या यंत्रावर त्याने निवृत्तीपर्यंतची सगळी वर्षं काढली. त्या यंत्राने त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नेलं आणि डाव्या कानाचं निम्मं ऐकणं नेलं, पण त्याबद्दल त्याची कधी कुरकुर नाही. कुरकुर करायला माणूस मुळात बोलणारा तरी असावा लागतो. अशा माणसाने आयुष्यात दोनदा एकाच गाडीवर हत्यार चालवलं. एकदा बायकोसाठी, आणि दुसऱ्यांदाही बायकोसाठीच.

गाडी म्हणजे सत्तर सालची शेवेल. गडद निळी, बोनेटवर दोन रुंद पांढरे पट्टे, आणि पुढे त्या वर्षीचं सगळ्यात मोठं इंजिन. गिअर चार, हाताने टाकायचे. असल्या गाड्यांना जग आता मसल कार म्हणतं. त्या वेळी आम्ही नुसतं गाडी म्हणायचो. टॅडने ती कोरी घेतली तेव्हा तो पंचविशीच्या आतला होता आणि जादा पाळ्या करून करून त्याचे डोळे कायम तांबारलेले असायचे. त्याची आई फाटकापर्यंत आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बटाट्याचं पोतं कुठं मावणार यात?" आईकडून कौतुक झालं ते एवढंच.

जेनिव्हीव्ह, म्हणजे जेनी, तेव्हा बेकरीच्या गल्ल्यावर बसायची. पहिल्यांदा फिरायला गेले त्याच दिवशी तिने किल्ली मागितली आणि टॅडने दिली. डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर दोन सिग्नलांच्या मधे तिने शेजारच्या लाल गाडीतल्या पोरांना अशी धूळ चारली, की टॅड दाराची मूठ धरून मेरीमातेचा धावा करत होता.

"भित्रा आहेस रे तू," ती म्हणाली. "चालेल मला."

पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं. पोरबाळ झालं नाही. घरात दोन माणसं आणि गॅरेजमध्ये शेवेल, असा त्यांचा संसार.

शनिवारी संध्याकाळी हॅम्बर्गरवाल्याच्या आवारात तेव्हा गाड्या लागायच्या, अजूनही लागतात. बोनेट उघडं टाकायचं, मागे घडीची खुर्ची मांडायची आणि दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवायची. त्या काळी जो तो आपली गाडी कापायचा. कुणी मागे रुंद चाकं घालायला पत्रा कातरला, कुणी बोनेटला भगदाड पाडून वर हवा ओढणारं नाकाडं बसवलं, कुणी शेपूट इतकं उचललं की बायकोला चढायला स्टूल लागायचं. गाडी जशीच्या तशी ठेवणारा माणूस म्हणजे एक तर चिकट, नाही तर बायकोला घाबरणारा. टॅडला लोक दोन्ही म्हणायचे. तो हसायचा आणि वेळच्या वेळी तेल बदलायचा. आज तीच माणसं, तीच टकलं, त्याच खुर्च्यांवर बसून सांगतात की गाडीचा स्क्रूसुद्धा कारखान्यातून आलेलाच हवा. तेव्हा पाडलेल्या भोकांबद्दल त्यांना विचारलं तर विषय हवेवर जातो.

मग जेनीचे पाय गेले. एकदम नाही गेले. आधी ती अडखळायला लागली, मग जिना चढवेना, मग एके दिवशी क्लच दाबायला गेली तर पाय जागचा हललाच नाही आणि शेवेल शेजाऱ्याच्या टपालपेटीला जाऊन टेकली. मज्जातंतूंचा रोग आहे, डॉक्टर म्हणाले, आणि तो मागे फिरणारा नाही. जेनी दवाखान्यात रडली नाही. घरी आल्यावर गॅरेजच्या दारात चाकाच्या खुर्चीवर बसून रडली.

"पाय गेले तर गेले," ती म्हणाली. "पण आता कोपऱ्यावर जायचं तरी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. ते मला जमायचं नाही, टॅड."

त्या हिवाळ्यात टॅडने गाडी उकलली. मोठं इंजिन बाहेर काढलं. नव्या हलक्या पेट्रोलवर ते ठोके द्यायला लागलंच होतं, शिवाय जरा हात लागला की उधळायचं, आणि आता सगळा कारभार हातावरच चालायचा होता. त्याच्या जागी अपघातात गेलेल्या एका घरगुती गाडीतलं शहाणंसुरतं इंजिन आणि आपोआप बदलणारे गिअर घातले. हाताचा गिअरबॉक्स शर्यती लावणाऱ्या एका माणसाला फुकटच्या भावात देऊन टाकला. स्टिअरिंगच्या खांबाला भोकं पाडून त्याने डाव्या अंगाला एक दांडा बसवला. दांडा अंगाकडे ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक. खालचा पत्रा कापून ड्रायव्हरची सीट दाराबाहेर वळेल अशी केली, म्हणजे जेनीला चाकाच्या खुर्चीवरून एकटीने सरकून बसता येईल. दांड्याची मूठ लाकडाची. ती त्याने जेनीच्या पंजाचं माप घेऊन कोरली.

सगळं झाल्यावर त्याने स्वतःचे दोन्ही घोटे पट्ट्याने घट्ट बांधले आणि चर्चच्या रिकाम्या आवारात गाडी चालवून पाहिली. फादरनी खिडकीतून डोकं काढलं.

"टॅड, शुद्धीत आहेस ना?"

"पाय बांधलेत, फादर," टॅड म्हणाला. "डोकं मोकळं आहे."

टॅडने आयुष्यात केलेला हा एकुलता एक विनोद, आणि तो आमच्याकडे अजून सांगितला जातो.

जेनी त्या गाडीने वर्षानुवर्षं हिंडली. दवाखान्यात फोन जोडून द्यायचं काम तिला मिळालं होतं, तिथे जायची, बाजारात जायची, उपासाच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला नवऱ्याला शेजारी बसवून घेऊन जायची. सिग्नलला कुणी पोरगा बाजूला येऊन गुरगुरला, की ती दांडा जरा जास्तच ओढायची. पुढे हातही कापायला लागले तेव्हा तिने स्वतःहून किल्ली खुंटीवर अडकवली. त्यानंतर टॅड दर रविवारी गाडी नुसती चालू करायचा आणि जेनी स्वयंपाकघरातून आवाज ऐकायची.

काढलेलं मोठं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. जेनीची खुर्ची वळवायला जागा पुरेना, तेव्हा तिच्या भावाने, नॉर्बने, ते मागितलं. नॉर्बचं वर उत्तरेला तळ्याकाठी लाकडाचं छोटं घर आहे, आणि तिकडे होडी बांधायला जो तो पाण्यात जुनं इंजिन सोडतो. एवढं वजन फुकटात दुसरं कुठे मिळणार? नॉर्बने आतलं सामान भंगारात घातलं, उरलेल्या ठोकळ्याला डांबर फासलं, साखळी अडकवली आणि दिला ढकलून. त्या तळ्याच्या बुडाशी अर्धं डेट्रॉइट पडलेलं आहे, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका पानगळीत जेनी पडली. टॅड तिला वरच्या मजल्यावर टबातून उचलून काढत होता, त्याची पाठ धरली आणि दोघंही खाली आले. तिचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून तिला जिल्ह्याच्या शुश्रूषागृहात पाठवलं. तिथे भिंतीला एकाच रंगाच्या खाटा, कायम चालू असलेला टीव्ही आणि उकडलेल्या वाटाण्याचा वास. टॅड रोज दुपारी कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे रोल डब्यातून न्यायचा. जेनी दोन घास खायची आणि रोज एकच विचारायची, "घरी कधी नेतोस?"

तिला घरी न्यायचं, एवढी एकच गोष्ट टॅडला आता आयुष्यात करायची उरली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: खालच्या मजल्यावर बाथरूम बांधा, दारं रुंद करा, आणि दिवसभर हाताखाली एक बाई ठेवा, मग खुशाल न्या. पेन्शनमध्ये औषधं आणि घरपट्टी भागत होती. विकण्यासारखी चीज घरात एकच होती, आणि शनिवारच्या खुर्च्यांवर बातमी आली होती की तसलीच शेवेल, त्याच वर्षाची, हात न लावलेली, लिलावात आमच्या गल्लीतल्या दोन घरांच्या किमतीला गेली.

भर हिवाळ्यात लिंडक्विस्ट आला. लिलावासाठी गाड्या पारखणं हा त्याचा धंदा. पन्नाशीचा, हळू बोलणारा, रोग्याजवळ बसलेल्या डॉक्टरसारखा. विजेरी, लोहचुंबक आणि भिंग काढून तो गाडीखाली सरपटत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"स्टिअरिंगला भोकं आहेत," तो खालूनच म्हणाला. "खालचा पत्रा कापलाय. कुणी केलं हे?"

टॅडने भिंतीवरच्या पान्यांकडे पाहिलं. "आधीच्या मालकाने," तो म्हणाला.

लिंडक्विस्ट बाहेर आला, हात पुसले आणि खरेदीचा कागद पुन्हा वाचला. "कागदावर पहिलं नाव तुमचंच आहे, मिस्टर व्रोबेल. दुसरं नावच नाही."

टॅडचे कान लाल झाले. जेनीच्या पंजाची मूठ त्याच्या समोर होती आणि ती आपण कोरली नाही असं तो नुकताच बोलला होता.

"वाईट वाटून घेऊ नका," लिंडक्विस्ट म्हणाला. "मोठं इंजिन जागेवर असतं, इंजिनावर कारखान्याने ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळत असता, हाताचे चार गिअर असते, तर मी तुम्हाला खरोखरच दोन घरं मिळवून दिली असती. आता एखाद्या बऱ्याशा जुन्या ट्रकची किंमत. ती मात्र लगेच देतो. ओहायोत एक जण आहे, पायाने अधू, तो दांड्यासकट घेईल. बाकी कुणी ढुंकूनही बघणार नाही. गाडीची नासाडी झालीय हो."

एका ट्रकच्या पैशात खालचं बाथरूम आणि दारं झाली असती, पण दिवसाची बाई ठेवता आली नसती. टॅड तोच हिशेब करत होता, हे खरं. पण नासाडी हा शब्द त्याला लागला, हे त्याहून खरं. कारखान्यात उभी हयात लोकांचे पत्रे दाबले, त्याबद्दल कुणी बरं बोललं नाही की वाईट. आपल्या मनाने, आपल्या हाताने त्याने एकच काम केलं होतं आणि त्याला हा माणूस नासाडी म्हणाला.

"मूळ इंजिन असेल तर?" टॅडने विचारलं.

"याच गाडीचं? आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"कुठाय?"

"तळ्यात."

लिंडक्विस्ट हसायला गेला आणि टॅडचं तोंड पाहून थांबला. "वर काढा," तो म्हणाला. "फोटो काढा. नंबर शाबूत निघाला आणि गाडी पहिल्यासारखी करून दाखवलीत, तर मला फोन करा. घाई नाही. अधू माणसाचंही मी थोडे दिवस थांबवतो."

तळ्यावरचा बर्फ गेल्यावर टॅड उत्तरेला गेला. नॉर्बने शेजाऱ्याचा तराफा आणि साखळी ओढायचं चाक मागून आणलं होतं. ठोकळा वर आला तेव्हा तो लोखंडाचा आहे हेही कळत नव्हतं. बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्यांनी तो गच्च भरला होता. नॉर्बने पटाशीने शिंपले खरवडले, मग डांबर खरवडलं, आणि उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्यावर, कडेच्या बोटभर पट्टीवर, एकामागून एक आकडे दिसायला लागले. टॅडने खिशातून कागद काढून नंबर ताडला. जुळला.

"म्हणजे इतकी वर्षं माझी होडी दोन घरांना बांधली होती म्हण की," नॉर्ब म्हणाला.

टॅडने टोपी काढली आणि तराफ्यावर खाली बसला. नॉर्बने फोटो काढले. परतताना गाडीत टॅड बोलला, म्हणजे त्याच्या मानाने पुष्कळ बोलला. "पुढच्या पानगळीपर्यंत जेनी घरी," तो म्हणाला. "तिला यातलं काही सांगू नकोस. दांडा काढायचा म्हटलं तर ती नको म्हणेल."

"सांगून टाक रे बाबा," नॉर्ब म्हणाला. "तिची गाडी आहे."

टॅडने ते डाव्या कानाने ऐकलं, म्हणजे निम्मंच.

तो उन्हाळाभर गॅरेजमध्ये होता. दांडा काढला, मूठ फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. भोकं बुजवून घासली, त्यावर रंग दिला. वळणारी सीट काढून जुनी खोलगट सीट शोधून आणली, कापलेला पत्रा नवा घातला. त्याच जातीचा गिअरबॉक्स शोधत दुसऱ्या राज्यात जाऊन आला. घराच्या बाथरूमसाठी थोडं जपून ठेवलेलं होतं ते यात गेलं, कारण नंतर सगळं दामदुपटीने परत येणार होतं. रोजचं शुश्रूषागृह आठवड्यातून दोनदावर आलं. कोबीचे रोल करायला वेळ मिळेना, म्हणून तो दुकानातलं सूप न्यायला लागला.

"पाठ दुखते का?" जेनी विचारायची.

"बरी आहे."

"गाडी चालू करतोस ना रविवारी?"

"करतो."

"एकदा आण इकडे. मला दांडा धरू दे. इथल्या इथे, आवारातच. टपालपेटीवर नाही घालणार."

"आणतो," टॅड म्हणायचा, आणि नखांत गेलेला निळा रंग दिसू नये म्हणून हात मांडीखाली घ्यायचा.

ऑगस्टमध्ये नॉर्बचा फोन आला. "जेनी मला विचारत होती, टॅडला माझ्यावाचून बरं पडतंय का म्हणून."

"नाही म्हणून सांग तिला."

"तूच सांग की लेका. बायको तुझी आहे."

"थोडंच राहिलंय," टॅड म्हणाला.

राहिला होता तो ठोकळा. तो एमिलच्या वर्कशॉपमध्ये होता. एमिल टॅडच्याच वयाचा, शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं तयार करून देणारा. पाण्याने ठोकळ्याच्या वरच्या सपाटीला खड्डे पडले होते, त्यामुळे ती सपाटी यंत्रावर छिलून काढावी लागणार होती. आणि या जातीच्या इंजिनाची मेख अशी, की नंबराची पट्टी त्याच सपाटीच्या पातळीत असते. यंत्र तिच्या अलीकडे थांबवलं नाही तर पात्याबरोबर नंबरही जातो. शनिवारच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. एमिलला फक्त हे ठाऊक नव्हतं, की या ठोकळ्याचा नंबर कुणाला हवाय. शर्यतवाल्यांना नंबराशी काय देणंघेणं? टॅडने त्याला एवढंच सांगितलं होतं, "उद्या सकाळी येतो, समोर उभा राहतो, मग लाव यंत्र."

सकाळी शुश्रूषागृहातून फोन आला. जेनीला रात्रीतून ताप भरला होता, छातीत कफ झाला होता, तिला दवाखान्यात हलवत होते. टॅड तसाच पळाला. जाता जाता त्याने एमिलला फोन केला, "जेनीला बरं नाही, यायला जमणार नाही," आणि ठेवून दिला.

एमिल चांगला माणूस. बायको दवाखान्यात असताना या बिचाऱ्याला कशाला हेलपाटा, म्हणून त्याने त्याच दिवशी काम हातात घेतलं आणि नेहमीपेक्षा निगुतीने केलं. जेनीचा ताप उतरल्यावर टॅड वर्कशॉपमध्ये गेला, तेव्हा एमिलने ठोकळ्यावरचं फडकं बाजूला केलं.

"बघ. एक खड्डा ठेवला नाही. आणि पैसे नकोत मला, जेनीला फुलं ने."

सपाटी आरशासारखी झाली होती, आणि कोपऱ्यावरची बोटभर पट्टीसुद्धा. टॅडने तिच्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग तिथल्या डब्यावर बसला आणि पहिल्यांदाच त्याने एमिलला सगळी हकीकत सांगितली. एमिलने कपाळाला हात लावला.

"अरे, एक शब्द बोलायचास," तो म्हणाला. "एकच शब्द, टॅड." आणि मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "माझ्याकडे आकड्यांचे शिक्के आहेत. नंबर तुझ्या फोटोत आहे. इंजिन तेच, गाडी तीच, नंबर तोच. खोटं काय आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं, आणि तरी दोघंही दार लावून घ्यायला उठले. एमिलने एकेक आकडा ठोकला. टॅड विजेरी धरून उभा राहिला. या सबंध गोष्टीत मला टॅडचा राग येतो तो इथे नाही. खुर्च्यांवरच्या त्या शहाण्यांनी लोखंडावरच्या चार खुणांना देव करून ठेवलंय, त्या देवापुढे गरीब माणसाने आणखी काय करायचं होतं?

पानगळीत लिंडक्विस्ट पुन्हा आला. इंजिन लागलं होतं, चार गिअर पडत होते, निळा रंग डोळ्यांत भरत होता. गाडी चालू केल्यावर त्याने डोळे मिटून आवाज ऐकला आणि तो हसला. "मिस्टर व्रोबेल, तुम्ही कमाल केलीत," तो म्हणाला. मग त्याने भिंग काढलं आणि इंजिनावर वाकला. टॅड बाजूला उभा राहून त्याच्या मानेकडे बघत होता.

लिंडक्विस्ट सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "कारखान्यात ही पट्टी तासताना पडलेले ओरखडे सरळ असतात," तो म्हणाला. "हे गोल फिरलेत. हा नंबर मागाहून ठोकलाय."

टॅडने तळं सांगितलं, एमिल सांगितला, जेनीचा ताप सांगितला. लिंडक्विस्टने सगळं ऐकून घेतलं.

"माझा विश्वास बसतो," तो म्हणाला. "अगदी खरं सांगतो, बसतो. पण विश्वास मला विकता येत नाही. नंबर पुसला गेला म्हणून तसाच ठेवला असतात, तर तळ्यावरचे फोटो दाखवून मी निदान निम्म्या किमतीला तरी घालवली असती. मागाहून ठोकलेला नंबर दिसला की गाडी लिलावात चढत नाही. माझ्याच नाही, कुणाच्याच."

"मी तो घासून काढतो."

"घासलेला तर आणखी वाईट."

"मग तो ओहायोचा माणूस..."

"त्याने उन्हाळ्यात दुसरी घेतली. आणि त्याला दांडा हवा होता ना." लिंडक्विस्टने गॅरेजभर नजर फिरवली. "सुट्या भागांसाठी घेणारा एक आहे. काय देईल ते सांगायची मला लाज वाटते." तरीही त्याने आकडा सांगितला. तो ट्रकच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅडने शेवेल बाहेर काढली आणि शुश्रूषागृहाच्या आवारात नेऊन उभी केली. का नेली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणतो असं म्हणाला होता, एवढं एकच अजून करता येण्यासारखं होतं. आवाज ऐकून खिडक्यांत म्हातारे जमले. कामावरच्या मुलीने जेनीला शाल लपेटून खुर्चीवरून बाहेर आणलं. जेनीच्या ओठांना मुद्दाम लाली लावलेली होती.

"मोठ्या इंजिनाचा आवाज आहे हा," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "काय केलंस काय तू? बसव मला."

टॅडने दार उघडलं. खोलगट सीट खूप खाली होती आणि ती बाहेर वळत नव्हती. मुलीने जेनीला काखेत धरून पाहिलं, टॅडने गुडघ्यांखाली हात घातला, पण खुबा दुमडेना आणि जेनी कळवळली. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तिला परत खुर्चीवर ठेवलं. मग ती उघड्या दारातून पुढे वाकली आणि तिचा थरथरता हात स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला गेला. तिथे गुळगुळीत खांब होता. हात तिथेच थोडा वेळ चाचपत राहिला.

"दांडा कुठाय?"

"काढला."

"का?"

टॅडने सांगितलं. खालचं बाथरूम, लिंडक्विस्ट, तळं, एमिल, ठोकलेला नंबर, सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून तो तिच्याशी एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. जेनीने मधे एकदाही तोडलं नाही.

"आधी किती देत होता तो?" तिने विचारलं. "दांड्यासकट?"

"एखाद्या जुन्या ट्रकएवढे."

"कधी?"

"गेल्या हिवाळ्यात."

जेनीने हात मागे घेतला आणि शालीत घातला. "तेवढ्यात खाली बाथरूम झालं असतं, टॅड."

"दिवसाची बाई कुठून आणली असती? डॉक्टर म्हणाले होते..."

"तू होतास की," जेनी म्हणाली.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. कामावरच्या मुलीकडे मान वळवून म्हणाली, "आत ने गं मला, थंडी वाजतेय." मुलीने खुर्ची वळवली. टॅड दार उघडं धरून उभा राहिला, आणि त्या दोघी आत गेल्यावर बऱ्याच वेळाने त्याने ते लावलं.

सुट्या भागांवाल्याने पुढच्या आठवड्यात ट्रेलर आणून गाडी नेली. टॅड आता पुन्हा रोज दुपारी जातो. कोबीचे रोल घरी करून डब्यातून नेतो. जेनी दोन घास खाते, हवा कशी आहे विचारते, नॉर्बची चौकशी करते. घरी कधी नेतोस, हे मात्र ती आता विचारत नाही.